कर्जत स्टेशन: पाठराखीण बघायला जायचं ठिकाण

कर्जतला लोक उतरतात ते फार्महाऊसवर नाहीतर ट्रेकला जायला. मी उतरते ती फक्त स्टेशनसाठी. महिन्यातून एकदा डोंबिवलीहून कर्जत लोकल पकडायची, जाता-येताचं तिकीट काढायचं, दोन-तीन तास फलाटावर बसायचं आणि परत यायचं. वय ६४. घरात आता कुणी विचारत नाही, डबा देऊ का एवढंच विचारतात. डबा मी नेत नाही, त्याचं कारण पुढे सांगते.

माझं आजोळ पुण्याचं. मे महिन्यात कल्याणला गाडीत बसलं की अप्पांचं सगळं लक्ष कर्जतकडे. गाडी थांबली रे थांबली की माझा हात धरून ते शेवटच्या डब्याकडे झपाझप निघायचे. "चल, पाठराखीण आली का बघू." घाट चढायला गाडीच्या मागे जी जादा इंजिनं लावतात, त्यांना अप्पा पाठराखीण म्हणत. नवरीबरोबर सासरी जायचं, ती रुळली की माघारी फिरायचं. ही इंजिनंही तशीच, लोणावळ्यापर्यंत सोबत करतात आणि गाडीला निरोप देऊन कर्जतला परत येतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. माझ्या तोंडी अजून पाठराखीणच येतं.

बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा फार खडा चढ. १८६३ मध्ये हा मार्ग खुला झाला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये, काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुरं करून घेतलं. पलीकडची डोंगराची भिंत बघताना मला दर वेळी त्या बाईची आठवण येते.

बघायचं काय, तर इंजिन जोडताना. बँकर मागून सरकत येतं, शेवटच्या दोन हातांवर तर ते हलतंय की थांबलंय हेच कळत नाही. मग खट्ट! कपलिंग बसतं, आणि तो हादरा डब्याडब्यातून पुढे जाताना कानांना ऐकू येतो. खिडकीतल्या कुणाचा तरी चहा हिंदकळतो. पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागून उत्तर जातं आणि गाडी हलते. मागच्या इंजिनांची घरघर चढत जाते तेव्हा पायाखालचा फलाट थरथरतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी बाकावरून उठून उभी राहतेच.

आता डब्याचं कारण: दिवाडकरांचा बटाटावडा. गाडी थांबली की खिडक्यांखाली हाकारे सुरू होतात. मला तो पावाशिवाय, कागदात, तळलेल्या मिरचीबरोबर लागतो. गरम मिळाला तर दुसरा घ्यायचाच.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकर न लावताच घाट चढते, कारण तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत. कर्जतला ती थांबत नाही. अप्पांनी तिचं कौतुकच केलं असतं, मीही करते. पण ती समोरून निघून गेली की फलाट एकदम रिकामा वाटतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत काही दिसत नाही. आषाढ-श्रावणात, सकाळी जा आणि पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यापाशी उभे राहा. गाडी गेली, वडा संपला म्हणून लगेच उठू नका. काही वेळाने इंजिनं घाटातून नुसतीच खाली येतात, एकमेकांना जोडलेली, मागे एकही डबा नाही. वर पाऊस असेल तर टपावरून पाणी निथळत असतं. ती बाजूला जाऊन उभी राहतात, पुढच्या गाडीची वाट बघत.