कॅमेरे सोळा, झाकण एक : नूतनीकरणानंतरच्या एका उद्यानाची पाहणी

आमच्या वसाहतीमागचे महापालिकेचे उद्यान वर्षभर पत्रे ठोकून बंद होते आणि गेल्या दिवाळीच्या सुमारास ते नव्या रूपात उघडले. फाटकावरच्या फलकावर ‘सुरक्षित व सुसज्ज उद्यान’ असे शब्द ठळक अक्षरांत रंगवलेले आहेत. मी आयुष्यातील 22 वर्षे कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून घालवली असल्यामुळे ‘सुरक्षित’ हा शब्द कोठेही वाचला की तो तपासून पाहण्याची खोड मला लागली आहे. पाच वर्षांच्या नातीचे बोट धरून गेले चार महिने मी येथे जवळजवळ रोज येतो, त्यामुळे पुढचे मत एका फेरीतले नाही. उद्यानाचे आणि शहराचे नाव मात्र मुद्दाम देत नाही. येथल्या उणिवा अनेक शहरांतील उद्यानांत सापडतील, आणि या लेखामुळे एखाद्या कंत्राटी रखवालदाराच्या पोटावर पाय यावा अशी माझी इच्छा नाही.

प्रथम जे उत्तम झाले आहे ते सांगतो. पूर्वी उद्यानाभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत होती आणि आत काय चालले आहे हे रस्त्यावरून दिसत नसे. नूतनीकरणात ती भिंत उतरवून गुडघाभर जोत्यावर लोखंडी गजांचे कुंपण घातले आहे. या एका बदलाने जे साधले आहे ते कितीही यंत्रसामग्रीने साधले नसते. बसथांब्यावरचा माणूस, समोरचा इस्त्रीवाला, भाजीची गाडी लावणाऱ्या बाई या सर्वांची नजर आता आपसूक आत पोहोचते आणि आतल्या माणसालाही आपण एकटे नाही असे वाटते. दादरच्या शिवाजी पार्कला वेढा घालणारा बसका कट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. त्या मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत जो पहारा असतो तो कट्ट्यावर गप्पा मारत बसलेल्या माणसांचा असतो आणि त्याचे वेतन कोणालाही द्यावे लागत नाही. आमच्या येथे मात्र हे साधलेले अर्धेच टिकले आहे, कारण कुंपणाला लागून कोयनेल लावली आहे आणि पावसाळ्यानंतर ती छाटली न गेल्याने आज तिची उंची माझ्या खांद्याला लागते. भिंत पाडून तिच्या जागी हिरवी भिंत उभारायची असेल तर पाडण्याचा खर्च तरी वाचवायला हवा होता.

चालण्याच्या वाटेवरचे जुने निसटलेले पेव्हर ब्लॉक काढून खरखरीत काँक्रीट केले आहे. ते ओले असतानाही पाय घसरत नाही, आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय आहे. फाटकाच्या उतारावर कठडा आहे. चाकाची खुर्ची आत येऊ शकेल एवढी जागा सोडूनही दुचाकी आत शिरणार नाहीत अशा बेताने खांब रोवले आहेत. हे ज्याने आखले त्याने विचार केला आहे.

आता कॅमेऱ्यांविषयी. उद्यानात सोळा कॅमेरे आहेत आणि ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ अशा पाट्या त्याहून अधिक आहेत. त्यांचा पडदा फाटकाजवळच्या खोलीत आहे. त्या खोलीत बसणारा रखवालदार फेरी मारायला निघाला की पडद्यासमोर कोणी नसते आणि तो खोलीत बसला की उद्यानात कोणी नसते. डिसेंबरात माझी पिशवी बाकड्यावरून नाहीशी झाली. पिशवीत नातीचा स्वेटर आणि माझा चष्मा एवढाच ऐवज होता, तरी व्यवस्था कशी चालते ते पाहावे म्हणून मी चित्रण मागितले. तीन ठिकाणी अर्ज फिरून परवानगी मिळेपर्यंत त्या दिवसाचे चित्रण पुसले गेले होते. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, परंतु त्याचे चित्रण किती दिवस राहते, ते कोणाकडे मागायचे आणि किती वेळात मिळेल या तीन गोष्टी त्याच पाटीवर लिहिल्या असत्या तर पाटीला अर्थ आला असता.

मुलांच्या खेळण्याच्या जागेविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण उद्यानातील बहुतेक रक्त तेथेच सांडते आणि ते सांडवणारा कोणी चोर किंवा गुंड नसतो. नवी घसरगुंडी रंगीत फायबरची आहे. तिच्या चौथऱ्याची उंची मी फूटपट्टीने मोजली, ती पावणेसहा फूट भरते. खाली रबराच्या लाद्या आहेत, परंतु त्यांची जाडी इंचभरही नाही आणि त्या थेट काँक्रीटवर चिकटवल्या आहेत. कडेच्या लाद्या चार महिन्यांतच पापडासारख्या वर वळल्या असून धावणाऱ्या मुलांची बोटे त्यांत अडकतात. अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या सार्वजनिक क्रीडांगणांसाठीच्या मार्गदर्शिकेनुसार 9 इंच जाडीचा वाळूचा थर केवळ 4 फुटांवरून पडणाऱ्या मुलाला पुरतो. युरोपातील मानकांत तर खालचा पृष्ठभाग आपटण्याचा किती आघात पचवतो याची यंत्राने चाचणी घ्यावी लागते, आणि कोणत्या उंचीपर्यंत तो चालेल हे त्या चाचणीवरून ठरते. आमच्या लाद्यांची अशी चाचणी झाल्याचा दाखला मी कंत्राटदाराच्या माणसाकडे मागितला, तेव्हा त्याने मला लाद्यांच्या रंगांचे माहितीपत्रक दिले.

याच मार्गदर्शिकेत आणखी एक साधा नियम आहे आणि तो प्रत्येक आजोबाने पाठ करावा असा आहे. साडेतीन इंचांपेक्षा मोठी आणि नऊ इंचांपेक्षा लहान अशी फट खेळण्याच्या साधनात असू नये, कारण तिच्यातून मुलाचे अंग आरपार जाते आणि डोके अडकून राहते. आमच्या जंगल जिमच्या वरच्या कठड्यातील गजांमध्ये साडेपाच इंचांचे अंतर आहे. झोपाळ्यांचेही तसेच आहे. एका आडव्या दांडीवर दोनपेक्षा अधिक झोपाळे नसावेत अशी शिफारस असताना येथे तीन टांगले आहेत. मधल्या झोपाळ्यावर पोहोचण्यासाठी लहान मूल दोन हलत्या पाट्यांमधून वाट काढते आणि बाकड्यावरून ते पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. तिसरा झोपाळा काढून टाकायला एक पाना आणि दहा मिनिटे लागतील.

घसरगुंडीपासून वीस पावलांवर झाडांना पाणी देण्यासाठी बांधलेली जमिनीखालची टाकी आहे. मार्च 2024 मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महापालिका उद्यानातील पाण्याच्या टाकीत पडून दोन लहान भावांचा मृत्यू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्या घटनेची स्वतःहून दखल घेतली. त्या बातमीनंतर मी कोणत्याही उद्यानात गेलो की आधी टाकी शोधतो. आमच्या टाकीला लोखंडी झाकण आहे, मात्र त्याची बिजागरी गंजलेली आणि कडी बिनकुलुपाची आहे. झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला सांगितले, “काका, पोरं त्या झाकणावर उड्या मारतात, म्हणून आम्हीच कुंड्या आणून ठेवल्यात.” झाकणावर सिमेंटच्या चार कुंड्या आहेत. त्यांत सदाफुली छान फुलली आहे, आणि या उद्यानातील सर्वांत प्रभावी सुरक्षा उपाय तोच आहे हे मी पूर्ण गांभीर्याने लिहीत आहे. तो उपाय कोणत्याही निविदेत नव्हता. कुलूप लावावे, झाकणाखाली जाळीचा दुसरा थर द्यावा आणि किल्ली माळीकाकांकडे ठेवावी, असा लेखी अर्ज मी जानेवारीत दिला असून त्याची पोच माझ्याजवळ आहे.

दिव्यांच्या खांबांपैकी दोन खांबांच्या बुडाशी असलेल्या पेटीचे झाकण नाही आणि आतील जोड चिकटपट्टीने गुंडाळलेले आहेत. उन्हाळ्यात हे चालून जाते. पावसात ओल्या खांबाला टेकून उभ्या राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ते चालून जाणारे नाही. अर्थिंग नीट करून गळतीच्या प्रवाहाने तुटणारे 30 मिलिअँपिअरचे उपकरण बसवणे हे आज घराघरात होते, त्यामुळे येथे ते अवघड असण्याचे कारण नाही. दिव्यांच्या उजेडाबाबतही बोलले पाहिजे. मध्यभागी हायमास्ट दिवा आहे आणि तो इतका प्रखर आहे की त्याच्याकडे तोंड करून चालताना पुढचा माणूस नुसती काळी आकृती दिसतो, तर पर्जन्यवृक्षांखालची मागची वाट त्याच दिव्याच्या सावलीत बुडते. एका उंच दिव्याऐवजी झाडांच्या फांद्यांखाली येतील असे बुटके आठ-दहा दिवे लावले असते तर स्त्रियांनी सात वाजल्यानंतर ती वाट सोडून दिली नसती. स्त्रियांचे स्वच्छतागृह नेमके त्याच अंधाऱ्या टोकाला आहे आणि संध्याकाळी त्याची किल्ली फाटकावर मागावी लागते.

रखवालदारांविषयी मला तक्रार करायची नाही. बारा-बारा तास उभे राहणारी ती माणसे आहेत. परंतु त्यांना जे शिकवले आहे ते पाहून नवल वाटते. त्यांची शिट्टी हिरवळीवर बसणाऱ्यांवर, बाकड्यावर शेजारी बसलेल्या तरुण जोडप्यांवर आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने खेळणाऱ्या मुलांवर वाजते. वर वळलेल्या लादीवर किंवा उघड्या पेटीवर ती कधी वाजत नाही. कोणी चक्कर येऊन पडले तर काय करायचे, असे मी एकाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेबांना फोन लावतो.” रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर तातडीसाठी 112 हे दोन क्रमांक आणि उद्यानाचा नेमका पत्ता त्याच्या खोलीच्या भिंतीवर लिहिलेला नव्हता. आता आहे, तो मी स्वतः जाड पेनाने लिहून चिकटवला आहे.

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की आमच्या येथे दोन तट पडतात, म्हणून एवढेच नोंदवतो की प्राणी जन्म नियंत्रण नियम 2023 मध्येच खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व प्रवेशद्वारापासून दूर ठरवावी असे म्हटले आहे आणि आमच्या येथे ती फाटकातच आहे. गुलमोहराच्या वाळलेल्या फांद्या पावसाळ्यापूर्वी उतरवाव्यात, हेही ओघाने आलेच.

कारखान्यात आम्ही एक नोंदवही ठेवत असू. तिच्यात झालेल्या अपघातांबरोबरच थोडक्यात टळलेले अपघातही लिहिले जात. हातोडा वरून पडला पण कोणाला लागला नाही, तरी तारीख, वेळ आणि जागा यांची नोंद होई, कारण तोच हातोडा पुढच्या वेळी कोणाच्या तरी डोक्यावर पडणार हे ठाऊक असे. या उद्यानात सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या सूचनांसाठी एक कुलूपबंद पेटी आहे, पण किती मुले पडली, कोठे पडली, कोणाला टाके पडले याची नोंद कोठेही नाही. चार महिन्यांत माझ्या डोळ्यांसमोर सात मुले त्या घसरगुंडीच्या पायथ्याशी पडली. ती नोंद माझ्या खिशातल्या डायरीत आहे, महापालिकेच्या कोणत्याही कागदावर नाही. पुढच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यापुढे म्हणूनच कॅमेऱ्यांची संख्या असेल आणि या सात मुलांची नसेल.

चालण्यासाठी आणि बसण्यासाठी मी या उद्यानाला पाचपैकी चार गुण देईन, मुलांच्या खेळण्यासाठी दोन. ज्यांना नातवंडांना घेऊन यायचे आहे त्यांनी साडेचार ते साडेसहा या वेळात यावे. तेव्हा हास्यक्लबची मंडळी खेळण्याच्या जागेशेजारी असतात आणि फायबरची घसरगुंडी दुपारइतकी तापलेली नसते. जंगल जिमच्या वरच्या मजल्यावर लहान मुलांना एकटे चढू देऊ नये, आणि टाकीवरच्या सदाफुलीच्या कुंड्या कोणी हलवलेल्या दिसल्या तर कृपया त्या परत जागेवर ठेवाव्यात.