क्रोशाच्या वर्गासाठी जुना नमुना की विकतचा?

क्रोशाची लेस शिकवणाऱ्याने विद्यार्थिनींना जुन्या पुस्तकातला नमुना द्यावा, की आजच्या रचनाकाराची विकतची पीडीएफ? शिकवायला दुसरी सोपी, वाटायला पहिला निर्धोक.

जुन्यांपैकी तेरेझ द दिल्मों यांचा १८८६ सालचा सुईकामाचा ज्ञानकोश घ्या. त्या १८९० मध्ये वारल्या. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे मूळ मजकूर नि चित्रे झेरॉक्स काढून कितीही जणींना देता येतात. मात्र अलीकडे कोणी तोच नमुना नव्याने आखून छापला असेल तर त्या तक्त्यावर त्याचा हक्क असू शकतो, म्हणून प्रत मूळ आवृत्तीवरूनच काढावी. अडचण येते ती वाचताना, कारण सूचना बहुतेक शब्दांतच असतात. शिवाय ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीतला ‘ट्रेबल’ म्हणजे आपला खांब (उंच उभा टाका), त्यालाच अमेरिकी नमुन्यात ‘डबल’ म्हणतात, आणि हा घोळ चौथ्या ओळीत लक्षात आला तर सगळे उसवावे लागते.

विकतच्या नमुन्यात बहुधा चिन्हांचा स्वच्छ तक्ता मिळतो. अननसाची नक्षी कोणाच्याच मालकीची नाही, पण ती मांडणारा तक्ता आणि त्याच्या सूचना रचनाकाराच्या असतात. त्याच कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षकाने वा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेली प्रत हक्कभंग ठरत नाही, आणि पुस्तकांतल्या भागांच्या प्रतींवरून प्रकाशकांनी लढलेल्या दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा उदार अर्थ लावला. तरी तो वाद विद्यापीठाचा होता. दिवाणखान्यात फी घेऊन चालणाऱ्या वर्गाने त्यावर फार भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. तक्ता वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला की तो मावशी, वहिनी, शेजारीण असा फिरतो, आणि तिथे ‘शिकवण्याचा ओघ’ दाखवणे अवघड होते. प्रत्येकीने आपली प्रत विकत घ्यावी, नाहीतर रचनाकाराला ईमेल करून किती प्रती, किती दिवसांसाठी हे लेखी ठरवून घ्यावे.

प्रदर्शनातल्या प्रात्यक्षिकाला मी विकतचा नमुना वापरणार नाही, कारण येणारा-जाणारा कागद मागतो आणि तो विद्यार्थी नसतो. तिथे स्वतः आखलेला तुकडा पुरतो: सहा साखळ्यांचे कडे, तीन साखळ्यांचा पहिला खांब आणि त्याच कड्यात आणखी अकरा खांब. पहिल्यांदाच सुई हाती धरणाऱ्याला उभ्या उभ्या तेवढेच जमते.