मराठी विकिपीडियाचा व्हिज्युअल एडिटर: काही महिने वापरल्यानंतर

कोड न लिहिता लेख थेट बदलू देणाऱ्या या संपादकाला पहिल्या काही आठवड्यांत मी दोनच तारे दिले असते. कारण एकच, माहितीचौकट, म्हणजे लेखाच्या बाजूला ठळक माहिती दाखवणारा तक्ता. लेखात बाकी सगळं वर्डसारखं सहज बदलता येतं, पण गावाची लोकसंख्या दुरुस्त करायला चौकटीवर क्लिक केलं की फॉर्ममध्ये ‘चित्र_शीर्षक’, ‘क्षेत्रफळ_एकूण’ अशी साच्याच्या (चौकट ज्यातून तयार होते त्या तयार नमुन्याच्या) पोटातली नावं जशीच्या तशी समोर येतात. काय भरायचं, कुठल्या एककात, कशाचाच पत्ता नाही. शाळेतले शिक्षक किंवा स्थानिक इतिहासाचे अभ्यासक इथूनच परत फिरतात, आणि नेमकी त्यांच्याकडेच माहिती असते.

साच्यांची पानं उघडून पाहिल्यावर मत बदललं. फॉर्म दिसतो तो टेम्प्लेटडेटावरून, म्हणजे साच्याच्या रकान्यांची माहिती देणाऱ्या नोंदीवरून, आणि अनेक साच्यांना तो लिहिलेलाच नाही. लिहायला कोड येण्याची गरज नाही. साच्याचं दस्तऐवजाचं उपपान संपादनासाठी उघडा. वर टेम्प्लेटडेटाचं बटण असतं. प्रत्येक रकान्याला साधं मराठी नाव, एका ओळीचं वर्णन आणि प्रकार द्या. चित्राच्या रकान्याला ‘फाइल’ हा प्रकार दिला की नाव टाइप करतानाच चित्रं सुचवली जातात. नेहमी लागणारे सात-आठ रकानेच ‘सुचवलेले’ ठेवा, नाहीतर फॉर्म संपता संपत नाही. मांडणी ‘ब्लॉक’ निवडा. तसं न केल्यास नवी चौकट लेखाच्या मूळ कोडमध्ये एकाच लांबलचक ओळीत जाते आणि पुढच्या माणसाचे हाल होतात. जतन करूनही फॉर्म जुनाच दिसला, तर मूळ साचा उघडून काहीही न बदलता एकदा जतन करा.

आकड्यांचा घोळ मात्र खास आपला. ‘१२,५००’ असं भरलं आणि साचा त्यावरून घनता काढत असेल, तर लाल अक्षरात त्रुटी येते, कारण गणिताला देवनागरी अंक कळत नाहीत. नवख्याला वाटतं आपणच काहीतरी मोडलं, आणि तो बदल मागे घेतो. उपाय साच्यातच करावा: फॉरमॅटनम (formatnum) या विकीच्या सोयीने देवनागरी अंक आधी साध्या इंग्रजी अंकांत बदलून घ्यावेत. ते होईपर्यंत वर्णनात ‘इंग्रजी अंक, स्वल्पविराम नको’ एवढं तरी लिहाच.

बाकी गोष्टी चांगल्या आहेत. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली तक्त्याची फाइल) ओढून पानावर टाकली की तयार तक्ता मिळतो, हे फार कमी जणांना माहीत आहे. संदर्भासाठी बातमीचा पत्ता चिकटवला की शीर्षक-तारीख आपोआप येते. संकेतस्थळाने ती माहिती नीट दिली नसेल तर लेखकाचं नाव हाताने घालावं लागतं. चर्चापानावर ‘उत्तर द्या’ दाबून लिहिलं की सही आपसूक पडते, सहीसाठी चार टिल्डे (~~~~) टाकायला शिकवावे लागत नाहीत. एकच संदर्भ पुन्हा वापरला की त्याला ‘:0’ असलं नाव मिळतं, ते मला अजूनही खटकतं: एका लेखातला मजकूर दुसऱ्यात नेला की ही नावं एकमेकांवर आदळतात.

आता चार तारे. पाचवा माहितीचौकटींसाठी राखून ठेवलाय. ज्यांना हातभार लावायचाय त्यांनी साच्याच्या पानावरून ‘येथे काय जोडले आहे’ पाहावं आणि सर्वाधिक लेखांत वापरलेल्या साच्यापासून सुरुवात करावी. गाव आणि व्यक्ती या दोन चौकटी आधी घ्या.