कॅशबॅक साइट की क्रेडिट कार्ड?

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी येणार म्हणून जळगावला घरी ४,००० रुपयांचा मिक्सर ऑनलाइन मागवला. कॅशबॅक साइटवरून दुकानात शिरलो, ४ टक्के म्हणजे १६० रुपये मिळणार होते. एक रुपयाही आला नाही. कारण नंतर कळलं: मिक्सर आदल्या रात्रीच कार्टमध्ये टाकून ठेवला होता आणि पैसे भरताना दुसरीकडचा कूपन कोड लावला.

ग्राहक पाठवल्याबद्दल दुकान साइटला कमिशन देतं, त्यातला वाटा साइट आपल्याला देते. खरेदी तिच्याच लिंकवरून झाल्याची नोंद ब्राउझरच्या कुकीमधून, म्हणजे त्याने साठवलेल्या छोट्या फाइलमधून, होते. ती साखळी तुटली की संपलं. म्हणून कार्ट आधी रिकामी करा, मग लिंक उघडा आणि त्याच बैठकीत पैसे भरा. शिवाय वस्तू परत करायची मुदत संपेपर्यंत रक्कम ‘पेंडिंग’च दिसते.

कॅशबॅक देणाऱ्या क्रेडिट कार्डात ही कटकट नाही. ५ टक्के असेल तर त्याच मिक्सरवर २०० रुपये आपोआप जमा. पण बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, वर दंड आणि जीएसटी. ते २०० कधी गेले कळतही नाही.

पगारदाराने कार्डच घ्यावं. ज्याच्या घरात पैसा कापूस विकल्यावरच येतो, त्याला मात्र मी साइटच सांगेन. बिलाची तारीख कापसाच्या भावासाठी थांबत नाही. आणि शिस्त असेल तर साइटच्या लिंकवरून जाऊन कार्डाने पैसे भरा, बहुतेकदा दोन्हीकडचं मिळतं.