ठासणीच्या बंदुकीला मागची साइट बसवावी, की नुसत्या माशीवर नेम धरावा?

मुंबईत नोकरी आणि कोकणात घर असलेल्या अनेक कुटुंबांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एखादी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची, बंदूक असते. आमच्याकडेही आजोबांची आहे. तिची नळी आतून गुळगुळीत आहे, तोंडाशी पितळी माशी (नेम धरायचा छोटा उंचवटा) आहे आणि मागे काहीच नाही. अशा बंदुकीचा नेम चुकू लागला की मागे खाचेची एक साइट, म्हणजे माशी जिच्यातून पाहायची अशी खूण, बसवून घ्यावी, हा विचार पहिल्यांदा मनात येतो. तो दर वेळी बरोबर असतोच असे नाही, कारण मागची साइट डोळ्याची चूक सुधारते, नळीची नव्हे. खर्च करण्याआधी आपली चूक या दोघांपैकी कोणाची आहे, हे ठरवावे लागते.

डोळ्याच्या चुकीचा हिशोब सोपा आहे. मागे साइट नसते तेव्हा डोळा हीच मागची साइट असते, आणि तो दस्त्यावर गाल जिथे टेकेल तिथे असतो. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर 120 सेंटिमीटर धरले आणि गाल नेहमीपेक्षा केवळ 3 मिलिमीटर वर राहिला, तर गोळी 20 मीटरवर 5 सेंटिमीटर आणि 50 मीटरवर साडेबारा सेंटिमीटर वर जाते. 20 मीटर म्हणजे जवळपास लोकलचा एक डबा. अडीच डब्यांच्या अंतरावर अर्धी वीत चुकायला गालाची एवढीशी हालचाल पुरते. खाचेत माशी मधोमध आणि वरच्या कडेशी समपातळीत धरली की ही चूक जवळजवळ नाहीशी होते. साइटच्या बाजूने हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

नळीची बाजू मात्र निराळी आहे. गुळगुळीत नळीत गोळीला ठरावीक फिरकी मिळत नाही. गोळी सैल असेल तर ती नळीच्या भिंतींवर आपटत पुढे येते, शेवटचा स्पर्श ज्या बाजूला होईल त्यानुसार तिला वेडीवाकडी गिरकी मिळते आणि हवेत ती त्या गिरकीप्रमाणे वळते. इंग्रजी फौजेच्या ‘ब्राउन बेस’ मस्केटची नळी 0.75 इंची आणि गोळी सुमारे 0.69 इंची असे; बार भराभर ठासता यावा म्हणून हा सैलपणा मुद्दाम ठेवलेला होता. त्या मस्केटला मागची साइट नव्हती आणि संगीन अडकवायचा चौकोनी खुंटच माशीचे काम करी. याउलट आपल्याकडच्या जुन्या तोड्याच्या (पेटत्या वातीने बार उडवणाऱ्या) बंदुकांची नळीही गुळगुळीतच असे, पण त्यांच्यावर मागे खाचेची साइट सर्रास आढळते. त्यामुळे ‘गुळगुळीत नळीला मागची साइट शोभत नाही’ हे म्हणणे निदान आपल्या परंपरेला धरून नाही.

निवड करण्यासाठी माझ्या मते एकच चाचणी पुरेशी आहे. परवानगी असलेल्या सुरक्षित जागी बंदूक वाळूच्या पोत्यावर टेकवावी आणि दर वेळी गाल त्याच जागी ठेवून 25 मीटरवर पाच बार काढावेत. भोके एकमेकांजवळ पडली, पण निशाणापासून बाजूला किंवा खाली, तर मागची साइट फायद्याची आहे. भोके परातभर पसरली तर साइटवर पैसे घालू नयेत. आधी गोळीचे माप, तिच्याभोवतीची तेलकट चिंधी आणि दर बाराला दारूचे तेच वजन याकडे लक्ष द्यावे. आमच्या बंदुकीची भोके पहिल्या खेपेला अशीच विखुरली होती. नुसती चिंधी जाड केल्यावर ती पुष्कळ आवळली, आणि सगळा गठ्ठा खाली पडतो आहे हे तेव्हा कुठे कळले.

साइट बसवायचे ठरले तर पद्धतीची निवड महत्त्वाची आहे. नळीत डव्हटेल (तळाशी रुंद, वर अरुंद) खाच कापून बसवलेली साइट सर्वांत पक्की असते आणि हातोडीच्या हलक्या ठोक्याने डावी-उजवीकडे सरकवता येते. पण गुळगुळीत नळीची भिंत पुष्कळदा पातळ असते, आणि दारूचा जोर सर्वाधिक असतो त्या भागात धातू कमी करणे मला धोक्याचे वाटते. जाड अष्टकोनी नळी असेल तरच हा मार्ग धरावा. त्यापेक्षा कथील-शिशाच्या मऊ डागाने चिकटवलेली साइट बरी: हा डाग 183 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, त्यामुळे नळीच्या पोलादाला इजा होत नाही आणि पुढे साइट काढूनही टाकता येते. नळीच्या मागच्या पट्टीवर बसणारी भोकाची पीप साइट चाळिशी उलटलेल्यांना सोयीची पडते, कारण जवळची खाच अंधुक दिसण्याचा त्रास तिच्यात नसतो. संधिप्रकाशात मात्र भोकातून काळोखच दिसतो. फुकटचा उपायही आहे. पट्टीवरच्या स्क्रूची चीर नळीला समांतर येत असेल, तर ती आणि माशी एका रेषेत धरून डावी-उजवी चूक बरीच कमी होते. मी सुरुवात तिथूनच केली.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागे साइट आली की डोळा वर उचलला जातो, नळीचे तोंड चढते आणि गोळी वर जाते. साइट आणि माशी यांत 80 सेंटिमीटर अंतर असेल, तर मागची 4 मिलिमीटर उंची 25 मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर चढवते. बार खाली पडत असतील तर हे हवेच आहे; आधीच वर पडत असतील तर माशीही उंच करावी लागेल, म्हणजे काम दुप्पट.

बंदूक मुख्यतः छर्र्यांसाठी वापरली जात असेल तर साइट बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छर्र्याचा बार हलत्या लक्ष्याच्या पुढे नळी फिरवत काढायचा असतो, आणि तेव्हा मधली खाच नजरेला अडते.

काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे. शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि ओळखीच्या लेथवाल्याला तो नसतो. नेण्यापूर्वी केप (बार पेटवणारी छोटी टोपी) काढून नळीत बार ठासायचा गज सोडावा. आमच्या गजावर रिकाम्या नळीची एक खूण कोरलेली आहे, आणि गज तिथपर्यंत उतरला नाही तर आत जुना बार आहे असे समजायचे. आम्ही डागाची साइट निवडली आहे. पाऊस संपल्यावर गावी जाऊन पोत्यावरून तेच पाच बार पुन्हा काढायचे आहेत.