दान बाऊ: नागपुरात घ्यायचं असेल, तर आधी दांडी वाकवून बघा

एकच तार, एकही पडदा नाही, तरी जवळपास तीन सप्तकं. व्हिएतनामी वाद्यांत मींडप्रेमी कानाला सगळ्यात जवळचं वाटेल ते दान बाऊ. इथे परीक्षण आहे ते बाहेरून मागवता येणाऱ्या नेहमीच्या प्रकाराचं: साधारण 110 सेंमी लांब लाकडी पेटी, उजव्या टोकाला खुंटी, डाव्या टोकाला उभी लवचीक दांडी, दांडीच्या बुडाशी छोटा भोपळा आणि तारेखाली इलेक्ट्रिक गिटारसारखा पिकअप (तारेचं कंपन पकडून अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, देणारा).

आधी हे वाजतं कसं ते समजून घ्या, कारण खरेदीतला प्रत्येक निर्णय त्यावरच ठरतो. तार मोकळी जवळजवळ कधीच वाजवत नाहीत. उजव्या तळव्याची कड तारेवर ठरावीक जागी अलगद टेकवायची, त्याच क्षणी बारीक काडीने छेडायचं आणि तळवा लगेच उचलायचा. मोकळी तार पांढरी एकच्या (हार्मोनियमची पहिली पांढरी पट्टी) मंद्र सा ला (सुमारे 131 हर्ट्झ) लावली, तर उजव्या घोडीपासून निम्म्यावर मध्य सा, तिसऱ्या हिश्श्यावर मध्य प, चौथ्यावर तार सा, पाचव्यावर तार ग, सहाव्यावर तार प आणि आठव्यावर अतितार सा मिळतो. वाजती तार 96 सेंमी असेल तर या जागा 48, 32, 24, 19.2, 16 आणि 12 सेंमीवर येतात. सुरुवातीला पेन्सिलीने खुणा करून ठेवा. पाचव्या हिश्श्यावरचा ग हार्मोनियमच्या ग पेक्षा किंचित उतरा लागतो. तो नैसर्गिक गांधार आहे, तार बिघडलेली नाही. सातवा हिस्सा सोडून द्या, तिथला नी कोमलपेक्षाही उतरा येतो.

मधले स्वर दांडीतून निघतात. दांडी डावीकडे ओढली की ताण वाढून स्वर चढतो, उजवीकडे ढकलली की उतरतो. रे हा सा चढवून, म हा प उतरवून, ध हा प चढवून, नी हा तार सा उतरवून. कंप आणि घसीटही तिथूनच येते. म्हणजे वाद्याचा सगळा जीव दांडीत आहे, आणि स्वस्त मालात नेमकी तीच वाईट असते. सा वरून प पर्यंत ओढायचं तर तारेचा ताण सव्वादोनपट व्हावा लागतो. ताठ दांडीने एवढं ओढताना मनगट दुखतं, फार मऊ दांडी सोडल्यावर डगमगत राहते. बांबूची किंवा म्हशीच्या शिंगाची दांडी पारंपरिक, आणि मागायची तीच.

विकणाऱ्याकडून व्हिडिओवर एक चाचणी करून घ्या. ट्यूनर लावून मध्य सा छेडायचा, दांडी ओढून रे पर्यंत न्यायचा, सोडायचा. सुई सा वर परत आली पाहिजे. उतरून थांबली तर बहुधा खुंटी सरकते किंवा दांडीला बांधलेली तार घसरते. दोन्ही दुरुस्त होतं, पण पैसे देण्याआधी कळलेलं बरं. भोपळ्यापाशी दांडी स्वतःभोवती फिरत असेल तर मात्र तो नग नकोच. तार तुटते ती बहुतेक दांडीच्या भोकाच्या धारेवर. कडा बारीक पॉलिश पेपरने गोल केली की हा त्रास थांबतो.

पिकअप नसलेलं घेऊ नका. एवढ्याशा भोपळ्याचा आवाज पंख्याखालीसुद्धा विरतो. पिकअपमधून मात्र घरघर ऐकू येते: चार्जर आणि कूलरची मोटर दोन मीटर लांब ठेवा. अँपवर ट्रेबल निम्म्याच्या खाली, थोडा रिव्हर्ब (घुमारा).

आता नागपूरचा प्रश्न. हॅनोईची हवा वर्षभर दमट, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 पर्यंत, हवा कोरडी ठक्क, आणि घरात कूलरचा ओला झोत. दुपारी ओल, रात्री कोरड, या उलटसुलटीने पातळ तबलीचे (वाद्याच्या वरच्या फळीचे) सांधे उघडतात. कूलरसमोर तर नाहीच, पण बाहेरच्या भिंतीला टेकवूनही ठेवू नका. उन्हाळ्यात वाजवून झालं की खुंटी दोन-तीन स्वर उतरवा, वाद्य खोक्यात बंद ठेवा. मागवायचंच तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे लाकडाला उन्हाळ्यापूर्वी इथे रुळायला काही महिने मिळतात. तारेची काळजी नको: सीताबर्डीवरच्या वाद्यांच्या दुकानात सितारीची साधी 0.30 मिमी पोलादी तार मागा. गिटारची सुटी तार सहसा लांबीला अपुरी पडते.

दान बाऊऐवजी दुसरं काही मनात असेल तर: सोळा-सतरा तारांचं दान त्रान्ह गोड आहे, पण प्रत्येक तारेची घोडी सुटी असते, पार्सलमध्ये सगळ्या पडतात आणि पुन्हा मांडण्यातच तास जातो. व्हिएतनामच्या मध्य पठाराचं त्रुंग (बांबूच्या नळ्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) आपल्या उन्हाळ्यात चिरण्याची भीती मोठी. अजगराच्या कातड्याचं तोंड असलेलं, गजाने वाजवायचं दोन तारांचं दान न्ही मागवूच नका, त्या कातड्याला आंतरराष्ट्रीय वन्यजीव करारानुसार परवाने लागतात. दक्षिण व्हिएतनामकडच्या दॉन का ताई तू या पारंपरिक गायन-वादनाच्या मैफलींत (युनेस्कोच्या यादीत 2013 पासून) पडद्यांमधलं लाकूड खोल कोरलेली गिटार वाजते. बोट खोल दाबून मींड काढता येते, आणि तिची डागडुजी नागपुरातला कुठलाही गिटारवाला करून देईल.