वर्गात पोरांची कंपनी काढायची: लुटुपुटूची, खरी, की स्क्रीनवरची?

नवीन वर्ष सुरू व्हायच्या आधी कुणीतरी शिक्षक हमखास विचारतं की हायस्कूलच्या वर्गात मुलांनी चालवलेली कंपनी सुरू करायचीय, कुठला प्रकार घेऊ. मी तिन्ही प्रकार चालवलेत, त्यातला एक पहिल्या वर्षी अर्ध्यात सोडलाय, तर जे हाताला लागलं ते लिहिते, क्रम थोडा इकडेतिकडे होईल.

पहिला प्रकार सराव कंपनी. माल नाही, पैसे नाहीत, गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या शाळांतल्या अशाच कंपन्या, पण इनव्हॉइस, पगारपत्रक, टॅक्स, बँक स्टेटमेंट सगळं अगदी खऱ्या ऑफिसासारखं. दुसरा म्हणजे खरी पण चिमुकली कंपनी, पोरं छोटे शेअर विकून भांडवल उभं करतात, काहीतरी बनवून विकतात आणि शेवटी कंपनी गुंडाळून उरलेले पैसे शेअरवाल्यांना वाटून टाकतात. तिसरा सिम्युलेशन गेम, किंमत किती ठेवायची, माल किती बनवायचा, जाहिरात करायची का, एवढे आकडे टाकायचे आणि निकाल कॉम्प्युटर देतो.

निवडताना बहुतेक जण पैसा खरा की खोटा यावरच अडून बसतात. मीही बसले होते. आता मी एवढंच बघते की पोरांनी चूक केली तर ती त्यांना दाखवणार कोण. गेममध्ये कॉम्प्युटर दाखवतो, खऱ्या कंपनीत गिऱ्हाईक, सराव कंपनीत पलीकडच्या शाळेतलं त्यांच्याच वयाचं पोरगं. यातलं कुणीच नसेल तर शेवटी आपणच लाल पेन घेऊन बसतो, मग कंपनी काढली काय न काढली काय.

गेमचं आधी उरकून टाकते. हा प्रकार नवीन अजिबात नाही, लेमनेड स्टँड नावाचा सरबताच्या टपरीचा कॉम्प्युटर गेम अमेरिकेत १९७३ सालचा आहे, आज हवा कशी आहे ते बघायचं, ग्लास किती करायचे, भाव काय ठेवायचा, जाहिरातीचे फलक किती लावायचे ते ठरवायचं, बस. आजचे बरेचसे गेम याचेच सजवलेले नातू. तयारी जवळपास शून्य, दोन आठवड्यांत आटोपतो, आणि वर्गात पन्नास पोरं असली तरी चालतो. पण तिसऱ्या फेरीपर्यंत हुशार पोरांना फॉर्म्युला सापडतो आणि मग ती धंदा करत नाहीत, गेमला हरवतात, दोन्हींत बराच फरक आहे.

माझं ऐकाल तर स्क्रीनवरच्यापेक्षा कागदावरचा बिअर गेम खेळा (शाळेत बिअर कशाला म्हणून आम्ही ज्यूस म्हणतो, गेमला काही फरक पडत नाही). अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६० च्या सुमारास तयार झालेला. एका रांगेत चार जण बसतात, दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना, आणि आपापसात बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. पडून राहिलेल्या प्रत्येक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, देऊ न शकलेल्या पेटीमागे एक डॉलर. गिऱ्हाइकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर जाते आणि तिथेच राहते. तेवढ्यावर पोरं इतकी घाबरतात की कारखान्याकडे तीस-तीस, चाळीस-चाळीस पेट्यांच्या ऑर्डरी जातात, आणि काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन पडतो. खेळ संपल्यावर कारखानावाला दुकानदारावर ओरडतो, तुला एवढा माल हवाच कशाला होता, आणि दुकानदार खरा आकडा दाखवतो तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते. दोन पीरियडचा खेळ, खर्च कागदाचा. मी कुठल्याही प्रकाराची सुरुवात यानेच करते.

आता सराव कंपनी, यावर जास्त लिहिणार कारण लोकांना हीच सगळ्यात कमी माहीत असते. कल्पना मूळची जर्मनी-ऑस्ट्रियाकडची, ऑस्ट्रियाच्या कॉमर्स शाळांत तर ती अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत १९९६ पासून व्हर्च्युअल एंटरप्राइझ नावाने सुरू झाली. अशा कंपन्यांचं जागतिक नेटवर्क ४० च्या वर देशांत पसरलंय. यातली खरी मेख म्हणजे देशातलं मध्यवर्ती केंद्र, ते बँक होतं, टॅक्स ऑफिस होतं, गरज पडली तर कस्टम्सही होतं, त्यामुळे शिक्षकाला सगळ्या भूमिका एकट्याने कराव्या लागत नाहीत. तुमच्याकडे असं केंद्र नसलं तरी अडत नाही, आणखी दोन-तीन शाळांशी किंवा निदान शेजारच्या तुकडीशी तरी व्यवहार जुळवा. एकट्या वर्गाची सराव कंपनी मात्र काढू नका, हवेशी धंदा करता येत नाही.

का ते सांगते. माझ्या वर्गातल्या अकाउंट्सच्या मुलीने ४० नगांच्या ऑर्डरचं इनव्हॉइस ४०० नगांचं पाठवलं. आमच्याकडे कुणाच्याच लक्षात आलं नाही, तेरीजही (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेची बेरीज, ट्रायल बॅलन्स) जुळली, जुळणारच, कारण गिऱ्हाइकाच्या खात्यात आणि विक्री खात्यात एकच चुकीचा आकडा गेला होता. तिसऱ्या दिवशी समोरच्या शाळेतून मेल आला, दोन ओळींचा: "आम्ही चाळीस मागवले होते. दुरुस्ती येईपर्यंत पेमेंट थांबवत आहोत." ती मुलगी लालबुंद. क्रेडिट नोट (जास्त लावलेली रक्कम कमी केल्याचा कागद) मी त्याआधी फळ्यावर दोनदा शिकवली होती, कुणी वहीतून मानही वर केली नव्हती, आणि आता ही स्वतःहून येऊन विचारते की बाई क्रेडिट नोट कशी काढतात आणि जास्तीचा लागलेला टॅक्स परत फिरवायचा का. फिरवायचा, आणि तो फिरवताना तिला जे कळलं ते परीक्षेत विचारायची मला गरजच उरली नाही.

दोषही आहेत आणि ते ब्रोशरमध्ये कुणी लिहीत नाही. यात मागणी खोटी असते. पोरांना मिळणारा पगार लुटुपुटूचा, वर्ष संपलं की त्याची किंमत शून्य, त्यामुळे शाळांच्या ट्रेड फेअरमध्ये ती वाटेल त्या भावाला वाटेल ते घेतात, घासाघीस कुणी करतच नाही. आमच्या सेल्सवाल्याची एका दुपारी इतकी विक्री झाली की दोन दिवस त्याचे पाय जमिनीवर नव्हते. यावर एक इलाज बरा चालला, पगारातून आधी घरभाडं, वीजबिल, प्रवास असं सगळं कापून घ्यायचं, हातात थोडंच उरू द्यायचं आणि महिन्याच्या शेवटी कुणाकडे किती शिल्लक राहिली ते बघायचं, मग भाव विचारायला लागतात.

दुसरं म्हणजे कामाची वाटणी. सगळ्यांना सीईओ व्हायचं असतं, अर्ज आणि मुलाखती घेतल्या की ते मिटतं, पण पहिले दोन महिने झाले की एचआरवाली पोरं माश्या मारत बसतात. पगारपत्रक आणि हजेरी त्यांच्याकडे द्या, आणि सत्र बदललं की खातीही बदला, जुन्याने नव्याला लेखी चार्ज देऊनच. त्या चार्जच्या कागदावरून कुणी काय काम केलं ते मला तोंडी परीक्षेपेक्षा जास्त कळतं.

वेळ मात्र खूप खाते. रोजचा पीरियड आणि पूर्ण वर्ष, याहून कमी असेल तर नादी लागू नका. आठवड्याला दोन तासांत मेलला उत्तर जाईपर्यंत समोरची कंपनी विसरलेली असते की तिने काय विचारलं होतं.

खरी चिमुकली कंपनी हाही जुना मार्ग, ज्युनिअर अचिव्हमेंट ही संस्था १९१९ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला सुरू झाली, आणि ब्रिटनमध्ये यंग एंटरप्राइझ १९६२ पासून तेच करते. एका सत्रात बसते, पोरांचा उत्साह वेगळ्याच पातळीवर असतो, आणि पालकांना दाखवायला काहीतरी हातात असतं. मी अर्ध्यात सोडली ती हीच. पहिले सहा आठवडे नाव, लोगो आणि नफा कसा वाटायचा यावरची भांडणं यात गेले, बाजारात तुरी, वस्तू कुठली बनवायची तेच ठरलेलं नाही. आता मी वस्तू ठरून एक नमुना तयार झाल्याशिवाय लोगोचा विषयच काढू देत नाही.

आणि पैसा खरा असला म्हणजे सगळं खरं होतं हाही गैरसमज. पहिल्या बॅचच्या निम्म्याहून जास्त पिशव्या आई, मावशी, काका आणि दया आलेले शिक्षक यांनीच घेतल्या. शिवण उसवली तरी मावशी तक्रार करते का? पैसे खरे, कौतुक फुकट, आणि चूक दाखवणारं कुणीच नाही, म्हणजे फिरून सराव कंपनीपेक्षाही मागे. म्हणून आता नियम आहे, निम्मी तरी विक्री अशा माणसाला झाली पाहिजे ज्याला वर्गातलं कुणी ओळखत नाही. विक्री घटते, पोरं कुरकुरतात, पण पहिल्यांदाच कुणीतरी अनोळखी बाई पिशवी उलटसुलट करून "एवढे कशाला द्यायचे" म्हणते आणि मग किमतीवर खरी चर्चा होते.

किमतीच्या हिशोबात पोरं स्वतःची मेहनत धरतच नाहीत, हे हमखास. समजा स्टॉल आणि साच्याचा ठरलेला खर्च ६००, प्रत्येक नगामागे २० सुटतात, तर ३० नगांवर खर्च निघतो असं ती आनंदाने सांगतात. तासाला अगदी किरकोळ मजुरी धरायला लावा, ते २० चे ५ होतात आणि ३० चे १२० नग.

खऱ्या पैशाबरोबर येणाऱ्या कटकटी वेगळ्याच: मुलं अल्पवयीन म्हणून करारावर त्यांची सही चालत नाही, पैसे शाळेच्या खात्यातून फिरवावे लागतात, गल्ला रोज दोघांनी मोजून सही करायची, खाण्याची वस्तू असेल तर परवानगीचं लफडं. आणि बुडाली तर? शेअर विकतानाच कागदावर लिहून घ्या की पैसे कमी मिळतील किंवा मिळणारही नाहीत. नाहीतर शेवटी मुख्याध्यापकांसमोर तुम्हीच उभे.

तर रोजचा पीरियड आणि व्यवहाराला दुसरी शाळा, दोन्ही असेल तर डोळे झाकून सराव कंपनी घ्या. एकच सत्र असेल आणि मुख्याध्यापक पाठीशी असतील तर खरी. दोन-तीन आठवडेच हातात असतील किंवा हिशोब तुम्हालाच नीट येत नसेल (लाजायचं कारण नाही, मीही पहिल्या वर्षी रात्री बसून शिकले) तर गेम, आणि तोही कागदावरचा.

मार्क देताना तिन्हींत नफ्याला मार्क ठेवू नका. एका वर्षी मी ठेवले होते, तर शेवटच्या आठवड्यात आमच्या सीईओने स्वतःच्या खिशातले पैसे घालून उरलेला सगळा माल विकत घेतला आणि ताळेबंद झकास दाखवला.